फुलबॅक, मास्तर, प्राचार्य: रायपूरमधले जयपाल सिंह

हॉकीत भारताला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या संघाचे कर्णधार आणि पुढे आदिवासींचे नेते झालेले जयपाल सिंह मुंडा यांच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, १९३४ ते १९३८ ही वर्षं एका वाक्यात उरकलेली असतात. 'काही काळ त्यांनी अध्यापन केलं', बस. त्याआधी ॲमस्टरडॅमचं ऑलिंपिक असतं, त्यानंतर आदिवासी महासभा आणि संविधान सभा. मधला मास्तर कुणाला फारसा नको असतो.

मी शाळेत खेळ शिकवते आणि मुलींना हॉकी शिकवते. रायपूरला राहते. त्या एका वाक्याचा अर्धा भाग माझ्याच गावात, माझ्या घरापासून फार लांब नाही अशा ठिकाणी घडला आहे. म्हणून ते वाक्य थोडं उलगडून बघावंसं वाटतं.

आमचं घर तात्यापाऱ्यात. रायपूरच्या मराठी माणसाला याहून जास्त पत्ता सांगावा लागत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती, त्या काळात नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी घरं इकडे आली आणि इथलीच झाली. त्यांतलंच आमचं एक. घरात मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी, मैदानावर हिंदी, अशी आमची भाषा चालते. जी. ई. रोडवरून जाताना राजकुमार कॉलेज लागतं. १८८२ मध्ये ते जबलपूरला सुरू झालं आणि १८९४ मध्ये रायपूरला आलं. छत्तीसगड आणि ओडिशाच्या बाजूच्या संस्थानिकांच्या मुलांना शिकवण्यासाठी काढलेली ही संस्था. १९३७ मध्ये तिथे प्राचार्य म्हणून जयपाल सिंह आले. रांचीजवळच्या खुंटी भागातल्या टकरा गावचे मुंडा आदिवासी. वय चौतीस. पाठीमागे ऑक्सफर्ड आणि ऑलिंपिकचं सुवर्णपदक.

माझ्या मुलींना ध्यानचंद माहीत असतात. २९ ऑगस्टला शाळेत भाषणं होतात, फोटोला हार घालतो. पण ज्या संघात ध्यानचंद पहिल्यांदा ऑलिंपिक खेळले, त्या संघाचा कर्णधार कोण होता हे विचारलं की मैदानावर शांतता पसरते. तो कर्णधार याच शहरात शाळा चालवत होता हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. एकीने मला विचारलं होतं, "मॅडम, इतना बड़ा प्लेयर स्कूल में क्यों आएगा?" तिच्या प्रश्नात शाळेबद्दल काय मत आहे ते मला चांगलंच कळलं. हा लेख खरं तर तिच्यासाठी आहे.

जयपाल सिंह यांचा जन्म ३ जानेवारी १९०३ चा. गावातून रांचीच्या सेंट पॉल शाळेत, आणि तिथल्या मिशनरी प्राचार्यांनी मुलाची हुशारी हेरली म्हणून इंग्लंडला. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात ते शिकले, विद्यापीठाकडून हॉकी खेळले आणि हॉकीचा 'ब्लू', म्हणजे विद्यापीठाचा खेळातला मानाचा किताब, मिळवला. इंग्रजी वृत्तपत्रांत खेळावर लिहीतही असत. मग आयसीएससाठी, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वोच्च सनदी सेवेसाठी, निवड झाली. त्या काळात आयसीएस म्हणजे काय हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारावं. जिल्हाच्या जिल्हा हाताखाली, आयुष्यभराचा मान, निवृत्तीनंतर पेन्शन. मुंडांच्या गावातून कुणी तिथे पोचेल असं ब्रिटिशांच्या स्वप्नातही नव्हतं.

ऑक्सफर्डलाच प्रशिक्षणाचा काळ चालू असताना १९२८ च्या ऑलिंपिकसाठी भारतीय संघाचं नेतृत्व करण्याचं बोलावणं आलं. त्यांनी रजा मागितली. इंडिया ऑफिसने नाकारली. ते गेले. परतल्यावर सांगण्यात आलं की प्रशिक्षणाचं आणखी एक वर्ष पुरं करावं लागेल. त्यांनी आयसीएसच सोडली.

हे मी मुलींच्या पालकांना सांगत नाही, कारण त्यांना वाटेल मी त्यांच्या मुलींना नोकऱ्या सोडायला शिकवते आहे. पण मला स्वतःला या निर्णयाबद्दल फार आदर आहे. खेळासाठी काहीतरी सोडल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. बहुतेक वेळा सोडलेली गोष्ट आधीच हातातून निसटत असते. इथे तसं नव्हतं. सोडलेली गोष्ट पूर्णपणे हातात होती.

आता ॲमस्टरडॅम. संघ १० मार्च १९२८ ला मुंबईहून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाला. निरोप द्यायला बंदरावर तीन माणसं होती, हॉकी फेडरेशनचे दोन पदाधिकारी आणि एक पत्रकार. जिंकून परत आल्यावर त्याच मुंबईत गर्दी उसळली. कर्णधार जयपाल सिंह मात्र त्या बोटीवर नव्हते, ते इंग्लंडमध्येच संघाला मिळाले. ऑस्ट्रियाशी ६-०, बेल्जियमशी ९-०, डेन्मार्कशी ५-०, स्वित्झर्लंडशी ६-०, आणि २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंडशी ३-०. पाच सामने, २९ गोल, आणि आपल्यावर एकही नाही. २९ पैकी १४ गोल ध्यानचंदांचे. सगळं जग त्या १४ गोलांबद्दल बोलतं, आणि बोलावंच. पण मी स्वतः विद्यापीठाच्या संघात फुलबॅक खेळले आहे, त्यामुळे माझी नजर आधी त्या शून्याकडे जाते. गोलकीपर रिचर्ड ॲलन, आणि त्यांच्यापुढे जे फुलबॅक खेळले त्यांत जयपाल सिंह.

या जागेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हल्ली टर्फवर खेळणाऱ्या मुलींनाही जुनी रचना ठाऊक नसते. तेव्हा संघ पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन फुलबॅक आणि एक गोलकीपर असा उभा राहायचा. सामना सुरू व्हायचा तो बुलीने, म्हणजे दोन खेळाडू समोरासमोर, जमिनीवर आणि एकमेकांच्या स्टिकवर ठोके देऊन मग चेंडूवर. ऑफसाइडचा नियम आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण असावे लागत. हा तीनचा नियम १९७२ पर्यंत होता, मग दोन झाला, आणि नव्वदच्या दशकात ऑफसाइडच गेला. या नियमामुळे दोघे फुलबॅक एका ओळीत उभे राहत नसत. एक वर चढून मैदान आवळायचा, दुसरा मागे राहून त्याची बाजू राखायचा. वरचा हुकला तर मागचा. मागचा पुढे गेला तर वरच्याने धावत मागे यायचं. ही अदलाबदल दर मिनिटाला चालते आणि ती डोळ्यांनी जमत नाही, कारण डोळे चेंडूवर असतात. ती तोंडाने करावी लागते. 'माझा', 'तू सोड', 'डावीकडे', 'मागे ये'. मागून अख्खं मैदान दिसतं ते फक्त फुलबॅकला आणि गोलकीपरला. जे दिसतं ते त्याने बोललं नाही तर त्या दिसण्याचा संघाला काही उपयोग नाही.

मुलींना टॅकल शिकवायला काही आठवडे लागतात. बोलायला शिकवायला वर्ष जातं. घरी ज्यांना सतत 'धीरे बोलो' ऐकवलं जातं त्या मैदानावर एकदम मोठ्याने ओरडणार कुठून? मी चेंडू न देता त्यांना नुसतं एकमेकींना हाका मारत जागा बदलायला लावते. बघणाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. पण ज्या दिवशी एखादी गप्प पोर मागून पुढच्या सीनियर मुलीला 'दीदी, छोड़ो, मेरा है!' असं ठणकावते, त्या दिवशी मी घरी फार आनंदात जाते.

त्या काळी आजच्यासारखा कोच आणि सपोर्ट स्टाफचा ताफा संघाबरोबर नसायचा. एक व्यवस्थापक, आणि मैदानावर कर्णधार. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले खेळाडू, त्यांत अँग्लो-इंडियन, मुसलमान, शीख, सैन्यातले शिपाई, आणि त्यांच्यात ऑक्सफर्डचा एक मुंडा. खेळ सांधण्याचं काम कर्णधाराकडेच येणार.

एक गोष्ट इथे टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अंतिम सामन्यात जयपाल सिंह खेळले नाहीत. संघात मतभेद झाले आणि त्याआधीच ते संघातून निघाले, अंतिम सामन्यात नेतृत्व ब्रूम पिनिगर यांनी केलं. कारणं वेगवेगळी सांगितली जातात, प्रत्येक जण आपापल्या ओढीने एक निवडतो. मी मुलींना दोन्ही नावं सांगते. पहिल्या सुवर्णपदकाला दोन कर्णधार होते, आणि संघात भांडणंही होती. इतकं मोठं यश भांडणांसकट मिळू शकतं हे कळलं तर त्यांचं काही बिघडत नाही. आमच्याही संघात कमी रुसवेफुगवे नसतात.

त्यानंतर कलकत्ता, बर्मा-शेल कंपनीची नोकरी. १९२९ मध्ये मोहन बागानचा हॉकी संघ उभा राहिला त्यात त्यांचा मोठा हात, ते त्या संघाचं नेतृत्व करत होते आणि बंगाल हॉकीचा कारभारही बघत होते. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या नातीशी, तारा मजुमदार यांच्याशी लग्न झालं. साहेबी कंपनी, प्रतिष्ठित घराणं, क्लबातलं हॉकी. इथे कुणीही सुखाने स्थिरावला असता.

आणि १९३४ मध्ये हा माणूस आफ्रिकेत शिकवायला गेला. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना. तिथे अक्राजवळ अचिमोटा इथे प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज होतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या शाळांमध्ये ही जरा निराळी होती. तिच्या उभारणीत गव्हर्नर गुगिसबर्ग, प्राचार्य ए. जी. फ्रेझर आणि डॉ. जेम्स अॅग्री हे आफ्रिकी शिक्षणतज्ज्ञ अशी तीन माणसं होती. फ्रेझर त्याआधी श्रीलंकेत कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राचार्य होते. मुलं-मुली एकत्र शिकत. शाळेचं बोधचिन्ह म्हणजे पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. अॅग्री म्हणत की नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर काहीतरी सूर निघतो, नुसत्या काळ्यांवरही निघतो, पण खरा मेळ साधायला दोन्ही लागतात. पुढे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले क्वामे एन्क्रुमा याच संस्थेतून १९३० मध्ये शिक्षक होऊन बाहेर पडले होते.

अशा शाळेत जयपाल सिंह शिकवत होते. मला या चित्रात फार रस वाटतो. राज्यकर्ते गोरे, विद्यार्थी आफ्रिकी, आणि फळ्यासमोर छोटा नागपूरच्या जंगलातला माणूस, जो ना इकडचा ना तिकडचा. ज्या माणसाला लहानपणी एका शाळेने गावातून उचलून थेट इंग्लंडला नेलं, तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी गावातून आलेल्या मुलांसमोर उभा होता. शिक्षणाने माणूस वर जातो आणि त्याच वेळी आपल्या माणसांपासून लांबही जातो, हे त्यांच्याइतकं त्या वर्गात दुसऱ्या कुणाला कळत असेल? माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्याची सुरुवात रांचीच्या सभेत झाली नाही, अचिमोटाच्या वर्गात झाली. पुराव्याचा कागद मी दाखवू शकत नाही, शिकवणारी बाई म्हणून हे माझं ठाम मत आहे.

तिथून १९३७ मध्ये रायपूर. किती उलटा प्रवास! अचिमोटाची ती मिसळलेली शाळा सोडून राजपुत्रांच्या कॉलेजात. ज्या संस्थानांत गोंड, उरांव, कंवर प्रजेला बेगार करावी लागायची, त्या संस्थानांचे भावी राजे बाकांवर, आणि प्राचार्यांच्या खुर्चीत एक मुंडा. रायपूरचे लोक त्या इमारतीकडे राजेरजवाड्यांची खूण म्हणून बघतात. मी तिथून जाते तेव्हा मला हे उलटं झालेलं मैदान आठवतं. इथे ते फार टिकले नाहीत, १९३८ मध्ये बिकानेर संस्थानाच्या सेवेत गेले. लगेच जानेवारी १९३९ मध्ये रांचीत आदिवासी महासभेच्या अध्यक्षपदी त्यांना बसवण्यात आलं आणि मग तो माणूस सगळ्या आदिवासींचा झाला. 'मरांग गोमके', थोर नेता, असं लोक त्यांना म्हणू लागले.

राजकारणाबद्दल मी फार लिहिणार नाही, ते इतरांनी भरपूर लिहिलं आहे. झारखंड पक्ष, रांचीतून लोकसभा, १९६३ मध्ये पक्षाचं काँग्रेसमध्ये विलीनीकरण आणि त्यावरून झालेली नाराजी, २० मार्च १९७० ला दिल्लीत मृत्यू. झारखंड राज्य झालं ते १५ नोव्हेंबर २००० ला.

पण १९ डिसेंबर १९४६ चं संविधान सभेतलं भाषण मी सोडू शकत नाही. नेहरूंच्या ध्येयांच्या ठरावावर बोलायला ते उठले आणि स्वतःची ओळख त्यांनी 'जंगली' अशी करून दिली. लोक आम्हाला ज्या शब्दाने हिणवतात तो मी अभिमानाने लावतो, या अर्थाने. आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हाला त्यांच्याकडून शिकावी लागेल, असं त्यांनी देशातल्या सगळ्यात विद्वान सभागृहाला सांगितलं. हे वाक्य अनेक जण उद्धृत करतात. मला त्यात दोन शाळांमध्ये मास्तरकी केलेला माणूस ऐकू येतो. कोण कुणाला शिकवतंय हे त्याने फळ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं. त्याच भाषणात त्यांनी असंही म्हटलं की या सभेत पुरुष फार झाले आहेत, आम्हाला आणखी बायका हव्यात. हे मी मैदानावर मुलींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो प्रश्न विचारणारी मुलगी सगळ्यात जोरात.

त्यांच्या भागात हॉकी आजही मुळापासून आहे. सिमडेगाचे सिल्वानुस डुंगडुंग १९८० च्या मॉस्को सुवर्णपदकाच्या संघात होते. त्याच पट्ट्यातले मायकल किंडो १९७२ च्या म्युनिक कांस्यपदकाच्या संघात आणि १९७५ च्या विश्वविजेत्या संघात. सलीमा टेटे सिमडेगाच्या बडकीछापर गावची. आणि निक्की प्रधान थेट खुंटी जिल्ह्यातल्या हेसल गावची, म्हणजे जयपाल सिंहांच्याच मातीतली. २०१६ मध्ये रिओला खेळली तेव्हा झारखंडची पहिली महिला हॉकी ऑलिंपियन ठरली. लहानपणी बांबूची स्टिक करून खेळायची, आणि सुरुवातीला तिला शिकवलं ते गावाकडच्या एका शाळाशिक्षकाने. आमच्या बाजूला राजनांदगाव आहे, तिथली रेणुका यादवही रिओच्या त्याच संघात होती. बिलासपूरला जन्मलेले लेस्ली क्लॉडियस यांच्याकडे तर तीन सुवर्ण आणि एक रौप्य. इतकं सगळं आजूबाजूला असताना आमच्या मुलींना वाटतं की हॉकी टीव्हीत असते.

म्हणून या हिवाळ्यात मी त्यांना सिमडेगाकडे न्यायचं ठरवते आहे. तिकडच्या गावांमध्ये खस्सी टूर्नामेंट भरतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो, आणि संध्याकाळी सगळं गाव जेवतं. मैदान लाल मातीचं, कधी शेताच्या बांधापर्यंत पसरलेलं, काही खेळाडू अनवाणी, आणि खेळ असा की टर्फवर वाढलेल्यांनी बघत राहावं. आमच्या मुली तिथे पहिल्याच सामन्यात हरतील अशी मला बऱ्यापैकी खात्री आहे. तरी जायचं आहे. मागच्या दोघींनी तोंड उघडून खेळावं एवढीच माझी अट आहे.

पालकांच्या सभेत मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे राहण्या-जेवणाचा आला, दुसरा परीक्षेचा. तिसरा एका मुलीच्या आजोबांनी विचारला. ते मराठीच, आमच्याच पाऱ्यातले, तरुणपणी हॉकी खेळलेले. म्हणाले, "सगळं खरं, बाई. पण चुकून जिंकल्या, तर तो बोकड रेल्वेने आणायचा कसा, ते आधी ठरवा."